बालकाची तक्रार आणि मुख्याध्यापकाचे कर्तव्य

सहा वर्षांचे मूल शाळेत घालताना आईबाप त्यास बहुधा एकच उपदेश करतात : गुरुजी सांगतील तसे वाग. शिक्षणसंस्थेवरील समाजाचा सारा विश्वास या एका वाक्यात साठलेला असतो. मूल त्या विश्वासाने वर्गात बसते, बोलाविले की उठून येते, सांगितलेले काम करते. ही आज्ञाधारकता अध्यापनाचा पाया होय. परंतु दुर्वर्तनी माणूस अधिकाराच्या जागी बसला, तर त्याच्या हाती तीच आज्ञाधारकता साधन म्हणून सापडते. बालकास नकार देता येत नाही. झाला प्रकार कोणास सांगावा हेही त्यास उमगत नाही. कारण ज्याच्याकडे तक्रार न्यावयाची, तोच अपराधी असतो.

हा विषय उच्चारण्यास संकोच वाटतो हे खरे. तथापि संकोचाने प्रश्न नाहीसा होत नाही. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी १३ राज्यांतील १२,४४७ बालकांकडून माहिती घेण्यात आली होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही होते आणि मुलीही होत्या. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक बालकाच्या ओळखीचे अथवा विश्वासाच्या व जबाबदारीच्या स्थानावरील होते. म्हणजे धोका केवळ अनोळखी वाटसरूपासून असतो, ही सर्वसाधारण समजूत चुकीची ठरते.

अशा अपराधाविषयी कायदा काय सांगतो, खटला कसा चालतो, आणि त्या साऱ्या प्रक्रियेत प्राथमिक शिक्षकाचे व मुख्याध्यापकाचे नेमके काम कोणते, हे समजावून घेणे हा प्रस्तुत पाठाचा उद्देश आहे.

१. जुना कायदा व त्यातील उणिवा

बालकांसाठी स्वतंत्र कायदा होण्यापूर्वी असे खटले भारतीय दंड संहितेखाली चालत. बलात्काराचे कलम केवळ स्त्रिया व मुली यांच्यापुरते होते. मुलग्यावर अत्याचार झाल्यास अनैसर्गिक कृत्यासंबंधीच्या कलम ३७७ चाच आधार घ्यावा लागे. बालकाची साक्ष कशी घ्यावी, त्यास आरोपीसमोर उभे करावे की नाही, याविषयी पुरेसे नियम नव्हते.

त्या काळातील दोन खटले महाराष्ट्र व गोवा येथील वाचकांच्या परिचयाचे असतील. मडगाव येथे ‘गुरुकुल’ नावाचे अनाथगृह चालविणारा फ्रेडी पीट्स यास १९९१ साली अटक झाली. गावात तो परोपकारी म्हणून ओळखला जात असे. १९९६ साली न्यायालयाने त्यास जन्मठेपेची शिक्षा दिली. पुढे गोवा राज्याने २००३ साली बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि बाल न्यायालयाची तरतूद केली.

दुसरा खटला मुंबईतील कुलाबा व रायगड जिल्ह्यातील मुरूड येथील आश्रयगृहांचा. निराधार मुलांसाठी ती गृहे चालविणाऱ्यांविरुद्ध २००१ साली तक्रार झाली. सत्र न्यायालयाने २००६ साली दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरविले. २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षी ग्राह्य मानून ती शिक्षा पुन्हा कायम केली. तक्रार करणारी मुले अंतिम निर्णय लागेपर्यंत तरुण झाली होती. निराधार मुलाने अन्नवस्त्र देणाऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी, आणि त्या साक्षीवर विश्वास बसण्यास दहा वर्षे लागावीत, ही त्या व्यवस्थेची उणीव होती.

२. अधिकारपद म्हणजे अपराध वाढविणारी गोष्ट

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे बालदिनी, अमलात आला. व्यवहारात तो ‘पॉक्सो’ या नावाने ओळखला जातो. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक होय. शरीरसंबंधाच्या स्वरूपाचा हमला, लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, आणि स्पर्शाविना केलेली अश्लील भाषा, हावभाव वा चित्रदर्शन यांसारखा छळ, असे अपराधांचे निरनिराळे प्रकार त्यात सांगितले आहेत.

शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावयाची गोष्ट पुढेच आहे. हाच अपराध जर पोलीस अधिकारी, लोकसेवक, रुग्णालयाचा, बालगृहाचा, धार्मिक संस्थेचा किंवा शिक्षणसंस्थेचा चालक अथवा कर्मचारी याने आपल्या ताब्यातील बालकाबाबत केला, तर कायदा त्यास ‘गुरुतर’ अपराध मानतो. कर्मचारी या शब्दात शिक्षकाबरोबरच शिपाई, मदतनीस, वसतिगृहाचा अधीक्षक हेही येतात. शिवाय बालक १२ वर्षांखालील असल्यास, अपराधी कोणीही असला तरी, अपराध गुरुतरच ठरतो. प्राथमिक शाळेतील बहुतेक सर्व मुले या वयोगटातील असतात.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षा वाढविण्यात आल्या. लैंगिक हेतूने केलेल्या साध्या स्पर्शाच्या अपराधास ३ ते ५ वर्षे कारावास आहे. तोच अपराध गुरुतर असल्यास ५ ते ७ वर्षे. शरीरसंबंधाच्या स्वरूपाचा गुरुतर हमला असल्यास किमान २० वर्षे सश्रम कारावास आहे. ही शिक्षा उर्वरित आयुष्यभराच्या कारावासापर्यंत, अथवा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते.

नागपूर खंडपीठाच्या एका निर्णयामुळे, कपड्यांवरून केलेला स्पर्श हा या कायद्याखालील लैंगिक हमला होत नाही, असा समज काही काळ निर्माण झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला. त्वचेचा त्वचेस स्पर्श झाला की नाही हा प्रश्न नसून, स्पर्शामागे लैंगिक हेतू होता की नाही हा प्रश्न आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

३. खबर देण्याचे बंधन

या अधिनियमाचे कलम १९ प्रत्येक शिक्षकाने पाठ करावे इतके महत्त्वाचे आहे. असा अपराध घडला आहे हे ज्यास कळले, किंवा तो घडण्याचा संभव आहे अशी ज्यास धास्ती वाटते, त्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांस खबर दिली पाहिजे. यासाठी कोणा वरिष्ठाची परवानगी लागत नाही. आईबापांची संमतीही लागत नाही. खबर देण्यासाठी पुरावा गोळा करून नेण्याची अट नाही. पोलिसांनी खबरीस क्रमांक देऊन ती लिहून घ्यावयाची व खबर देणारास वाचून दाखवावयाची असते. त्यानंतर २४ तासांच्या आत त्यांनी बाल कल्याण समितीस व विशेष न्यायालयास कळवावयाचे असते.

कलम २१ अन्वये खबर न देणे हा स्वतंत्र अपराध आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा अपराध दडविला, तर शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास व दंड अशी आहे. शाळेत ही जबाबदारी मुख्याध्यापकावर येते. उलटपक्षी, सद्भावनेने खबर देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका निवासी शाळेच्या वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण या संदर्भात अभ्यासनीय आहे. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टराने माहिती असूनही खबर दिली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश फिरविला. माहिती असूनही खबर न देणे हा गंभीर अपराध आहे, आणि बहुधा त्यामागे अपराध्यास पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

४. एक कल्पित प्रसंग व त्याचा विचार

चौथीच्या वर्गातील एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गशिक्षिकेजवळ येते व म्हणते, “बाई, मला संगणकाच्या खोलीत पाठवू नका.” बाईंनी कारण विचारता ती खाली मान घालून सांगते, “तिथले सर मला जवळ ओढतात.”

बाईंच्या मनात या क्षणी अनेक विचार येणे स्वाभाविक आहे. ते सर दहा वर्षांचे सहकारी आहेत. त्यांची बायको ओळखीची आहे. मुलीचा गैरसमज झाला असेल. शाळेची बदनामी होईल. हे सारे विचार मनुष्यस्वभावास धरून आहेत. परंतु त्यांपैकी एकही विचार मुलीच्या बाजूचा नाही.

बाईंनी मुलीस एकीकडे, पण सर्वांच्या नजरेआड नव्हे अशा जागी बसवावे. ती जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावे. “त्यांनी असे केले का?” असे सुचविणारे प्रश्न विचारू नयेत, “मग काय झाले?” एवढेच विचारावे. “तू आधी का नाही सांगितलेस?” असे तर चुकूनही म्हणू नये. “मी कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. “तू सांगितलेस हे चांगले केलेस, यात तुझी चूक नाही” हे शब्द मात्र अवश्य बोलावेत. त्यानंतर मुलीचेच शब्द, दिनांक व वेळ घालून लिहून ठेवावेत आणि लगेच मुख्याध्यापकांस कळवावे.

मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी पोलिसांस लेखी खबर द्यावी, पालकांस बोलावून घ्यावे, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांस कळवावे. संशय पालकावरच असेल, तर पालकांस प्रथम न कळविता पोलिसांस व बाल कल्याण समितीस कळवावे. संबंधित कर्मचाऱ्याचा मुलांशी संबंध येणार नाही अशी व्यवस्था तत्काळ करावी. खबर दिल्याची नोंद शाळेच्या दप्तरी गोपनीय ठेवावी.

येथे एक चूक वारंवार घडते. मुख्याध्यापक सरांना बोलावतात, मुलीलाही बोलावतात, आणि दोघांस समोरासमोर उभे करून “खरे काय ते सांगा” म्हणतात. नऊ वर्षांची मुलगी सरांपुढे गप्प होते. मग तिच्या मौनाचा अर्थ “काही घडले नाही” असा काढला जातो. वस्तुतः तपास हे पोलिसांचे काम व निर्णय हे न्यायालयाचे काम आहे. मुख्याध्यापकाचे काम खबर देण्याचे आहे. वर्गशिक्षिकेने मुख्याध्यापकांस सांगितले, परंतु त्यांनी काहीच केले नाही, तर वर्गशिक्षिकेचे कर्तव्य संपत नाही. कलम १९ तिलाही लागू आहे.

५. तडजोड आणि बदली

गावातील तंटा गावातच मिटवावा ही आपल्याकडील जुनी व अनेक बाबतींत हितकर चाल आहे. बांधाचा तंटा, पाण्याच्या पाळीचा तंटा पंचांनी मिटवावा. परंतु बालकावरील लैंगिक अत्याचार हा दोन घरांमधील तंटा नव्हे. तो राज्याविरुद्धचा अपराध आहे, आणि त्यात क्षमा करण्याचा अधिकार पंचांस, सरपंचांस अथवा शाळा व्यवस्थापन समितीस नाही.

राजस्थानातील एका शासकीय शाळेच्या शिक्षकाविरुद्ध २०२२ साली विद्यार्थिनीच्या विनयभंगाची फिर्याद दाखल झाली. पुढे मुलीच्या वडिलांनी तडजोड झाल्याचे लिहून दिले व उच्च न्यायालयाने फिर्याद रद्द केली. या निर्णयाविरुद्ध तिऱ्हाईत नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करून खटला पुढे चालविण्यास सांगितले. असा अपराध हा केवळ दोन पक्षांमधील खाजगी प्रश्न नसून समाजाविरुद्धचा गंभीर अपराध आहे, म्हणून तडजोडीच्या आधारे तो मिटविता येत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय.

तडजोडीइतकाच घातक दुसरा उपाय म्हणजे गुपचूप बदली. एका गावातील पालक संतापले म्हणून शिक्षक दुसऱ्या गावी जातो. पहिल्या गावचा संताप शमतो. दुसऱ्या गावच्या आईबापांस काहीच ठाऊक नसते. ती मंडळीही आपल्या मुलांस “गुरुजी सांगतील तसे वाग” असेच सांगून शाळेत पाठवितात. अशा बदलीने संस्था अपराध्यास नवी मुले पुरविते, असे कठोर शब्दांत म्हणावे लागते. जिल्हा परिषद सेवेच्या १९६४ च्या शिस्त व अपील नियमांखालील विभागीय कारवाई आवश्यक आहेच. तथापि ती फौजदारी कारवाईच्या जोडीने चालावयाची आहे, तिच्या ऐवजी नव्हे.

६. खटल्याची वाटचाल

न्यायालय म्हटले की ग्रामीण पालक धास्तावतो. पोलीस ठाण्यात मुलीस रात्रभर बसवितील, भर न्यायालयात वकील नाही नाही ते विचारतील, अशी त्याची समजूत असते. कायद्याने या भीतीची दखल घेतली आहे, हे शिक्षकाने पालकांस समजावून सांगावे.

बालकाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्यास सोयीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने तो घ्यावा व त्या वेळी गणवेश घालू नये. जबाबाच्या वेळी आईवडील अथवा बालकाच्या विश्वासाची व्यक्ती हजर असावी. बालकास रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असते. २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती बालकास साहाय्यक व्यक्ती देऊ शकते. ती तपासापासून खटल्यापर्यंत बालकाच्या पाठीशी राहते.

खटला विशेष न्यायालयात, बंद दारांआड चालतो. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यावयाचे असतात व न्यायाधीश ते बालकास विचारतात. बालकाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविणारे प्रश्न विचारता येत नाहीत. साक्ष देताना बालकाची व आरोपीची दृष्टादृष्ट होऊ नये अशी व्यवस्था करावयाची असते. न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावी व शक्य तोवर एका वर्षात खटला पूर्ण करावा, असे कायदा सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अशा प्रमुख अपराधांचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करावयाचा आहे. प्रत्यक्षात या मुदती सर्वत्र पाळल्या जातात असे नाही. म्हणूनच शाळेने प्रथम दिलेली खबर जितकी तत्पर व स्वच्छ, तितका पुढील खटला बळकट होतो.

बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब व शाळा यांची ओळख वृत्तपत्रांत वा अन्य माध्यमांत प्रकट करण्यास मनाई आहे. शिक्षकांनी चावडीवर, शिक्षककक्षात वा व्हॉट्सॲपच्या गटात हा विषय काढणेही तितकेच अनुचित होय.

७. निर्दोष शिक्षकाची शंका

“उद्या कोणी मजवर खोटा आळ घेतला तर?” ही शंका प्रामाणिक शिक्षकाच्या मनात येते व ती हसण्यावारी नेऊ नये. कायद्यानुसार, गंभीर अपराधांत अभियोग पक्षाने मूलभूत गोष्टी सिद्ध केल्यानंतर अपराध घडला असे न्यायालय गृहीत धरते. परंतु ते गृहीतक खोडून काढण्याची पूर्ण संधी आरोपीस असते. बदनामीच्या अथवा खंडणीच्या हेतूने प्रौढ व्यक्तीने खोटी तक्रार केल्यास कलम २२ अन्वये ती शिक्षेस पात्र होते. बालकाने चुकीची माहिती दिली, तर मात्र त्यास शिक्षा नाही. शिक्षेची भीती घातली असती, तर खरी तक्रार करणारी मुलेही गप्प बसली असती.

निर्दोष शिक्षकाचे खरे रक्षण त्याच्या उघड्या वागणुकीत आहे. मुलास एकटे बंद खोलीत न थांबविणे, शाळा सुटल्यावर घरी न बोलाविणे, खाजगी कामे न सांगणे, हे साधे नियम मुलांचे रक्षण करतात आणि शिक्षकाचेही.

मुले उशिरा सांगतात, म्हणून त्यांचे सांगणे खोटे ठरत नाही. ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बालअत्याचारांची चौकशी करणाऱ्या राजकीय आयोगाचा अंतिम अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. आयोगापुढे आलेल्या पीडितांना झालेला प्रकार प्रथम कोणास तरी सांगण्यास सरासरी सुमारे २४ वर्षे लागली होती. जे मूल चार महिन्यांनी सांगते, ते त्या मानाने लवकरच सांगते असे म्हणावे लागेल.

८. शाळेने करावयाची कामे

१. २०२० च्या नियमांनुसार शिक्षक व शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घ्यावी. तात्पुरते कर्मचारी व वाहनचालक यांनाही वगळू नये.
२. तक्रारपेटी मुलांचा हात पोहोचेल अशा जागी लावावी व ठरल्या दिवशी उघडावी.
३. सखी सावित्री समितीच्या बैठका केवळ कागदोपत्री न घेता प्रत्यक्ष घ्याव्यात.
४. बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक १०९८ प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहावा व मुलांकडून पाठ करून घ्यावा.
५. कोणता स्पर्श नकोसा व तो झाल्यास कोणास सांगावे, हे मुलांस त्यांच्या वयास साजेशा भाषेत दरवर्षी शिकवावे. हे शिक्षण मुलग्यांसही द्यावे.

शाळेची अब्रू झाकपाकीने राखली जाते अशी समजूत फार दिवस चालत आली. ज्या शाळेत मुलाचे बोलणे ऐकले जाते आणि त्याच दिवशी त्यावर कारवाई होते, त्या शाळेत आईबाप निर्धास्तपणे मूल पाठवितात. शाळेची अब्रू म्हणतात ती हीच.

स्वाध्याय

१. मुलीने तक्रार केल्यावर मुख्याध्यापकांनी तिला व संबंधित शिक्षकास समोरासमोर का उभे करू नये?
२. “पालकांची तक्रार नाही, म्हणून शाळेने खबर दिली नाही.” हे विधान कायद्याच्या दृष्टीने तपासून पाहा.
३. बदली हा उपाय कोणाच्या हिताचा व कोणाच्या अहिताचा, याची चर्चा शिक्षण परिषदेत करा.
४. आपल्या शाळेतील तक्रारपेटी गेल्या तीन महिन्यांत किती वेळा उघडली, याची नोंद पाहून पुढील बैठकीस आणावी.